वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, हे खरं नाही

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या गोठ्यांत आजही सांगतात की, म्हैस व्याली की वार (पिलामागून बाहेर पडणारं गर्भाचं आवरण) पडेपर्यंत रेडकाला चीक (व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजू नये. पाजला तर वार अडकते. ही समजूत उलटी आहे, आणि तिच्यापायी रेडकं दगावतात.

गाई-म्हशींत आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भात पिलापर्यंत पोचत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद जन्मल्यापासून तासागणिक घटते आणि साधारण 24 तासांत संपते. वार पडायला कित्येकदा आठ-दहा तास लागतात. तेवढा वेळ रेडकू उपाशी ठेवलं, तर पुढे हगवण आणि न्यूमोनियाला ते कशाच्या बळावर तोंड देणार? म्हणून पहिल्या तास-दोन तासांतच पाजा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जायला हवा: 30 किलोच्या रेडकाला 3 लिटर. खरवसाचा वाटा त्यानंतर.

राहिली वार. पिलू आचळाला लुचलं की म्हशीच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं, त्यानं पान्हा सुटतो आणि गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणजे पाजल्यानं वार पडायला मदतच होते. 12 तास उलटूनही पडली नाही, तर ओढू नका, दगड बांधू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

घरातली पोरगी पंढरपुरी वगार (म्हशीचं मादी पिलू) हौसेनं वाढवून स्वतःची म्हैस करायचं म्हणत असेल, तर पहिला चीक तिच्याच हातानं पाजू द्या.