रिबिल्ड केलेलं इंजिन आणि 'हळूच चालवा'चा गैरसमज

"जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधलं की तासभर नुसतं आयडलवर ठेवा आणि पहिले 1000 किमी ॲक्सिलरेटरला पाय लावू नका" हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. काळजीपोटीच लिहिलेला आहे आणि वाचायला पटतोही, पण पिस्टन रिंगांच्या (पिस्टनभोवतीच्या, गॅस अडवणाऱ्या कड्यांच्या) बाबतीत गणित उलटं आहे.

होनिंग केल्यावर, म्हणजे सिलिंडरची भिंत दगडाने घासल्यावर, आत तिरक्या रेघांची बारीक जाळी दिसते, रिंग त्या जाळीवर घासून घासूनच बसते, आणि तिला भिंतीवर दाबायचं मुख्य काम तिच्यामागे शिरणारा गॅसचा दाब करतो, नुसता स्प्रिंगचा ताण नाही. आयडलवर तो दाब फारच कमी, मग रिंग नीट बसत नाही, ऑइल भिंतीवर भाजून गुळगुळीत थर धरतं. त्याला ग्लेझिंग म्हणतात, आणि मग परत इंजिन खोला!

म्हणजे पहिल्या दिवशी रेस लावा असं नाही हं. इंजिन गरम झालं की वरच्या गिअरमध्ये मध्यम लोड द्यायचा, मग पाय काढून गाडी आपोआप हळू होऊ द्यायची, असं बऱ्याचदा. जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ज्यावर सपाट तळाचे टॅपेट घासतात) तर सुरू केल्या केल्या साधारण 2000 आरपीएमवर 20 मिनिटं ठेवतात, आयडलवर त्याला पुरेसं ऑइल उडत नाही.

तपासायचंय? कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावा, आकडा कमी आला तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा लीक आहेत, नाही वाढला तर आधी व्हॉल्व्ह बघा.