तेलातलं मेण आणि हिवाळ्याचं काम

सूर्यफुलाच्या रिफाइंड तेलाची बाटली आरपार दिसते, कारण त्यातलं मेण कारखान्यातच तेल थंड करून, गाळून काढलेलं असतं. ते राहिलं म्हणून तेल नासत नाही आणि त्या प्रमाणात पोटालाही अपाय नाही. थंडीत तेल गढूळ दिसतं, गिऱ्हाईक भेसळीचा संशय घेतं, एवढंच. हा खटाटोप बहुतांशी डोळ्यांसाठी आहे.

थंडीकडून तेल निवडून घेण्याची युक्ती मात्र स्वयंपाकघरातून आलेली नाही. अमेरिकेतल्या नॅनटकेट, न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरांत स्पर्म व्हेलचं तेल हिवाळ्यात गोठू देत आणि लोकरी पिशव्यांत भरून दाबत. पातळ निथळे ते ‘हिवाळी तेल’. कडाक्याच्या थंडीतही ते दिव्यात गोठत नसे, म्हणून त्याला भाव चढा. उरलेल्या पांढऱ्या गोळ्यापासून शेवटी मेणबत्त्या होत.

खाद्यतेलात हेच काम अमेरिकेच्या दक्षिणेत सरकीवर झालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे सरकीचं तेल उघड्यावरच्या टाक्यांत हिवाळाभर ठेवत. जड भाग तळाशी बसे, वरचं स्वच्छ तेल काढून घेत. तळाशी बसे ते मेण नव्हे, स्टिअरिन, म्हणजे लवकर गोठणारी चरबीच. पुढे ऋतूची वाट पाहणं परवडेना, तेव्हा टाक्या यंत्राने थंड करू लागले. घाई होती ती मेयोनीजवाल्यांची: फ्रिजमध्ये तेलाचे स्फटिक झाले की मेयोनीज फुटतं. त्यातूनच तेल बर्फाच्या पाण्यात ० अंश सेल्सिअसला साडेपाच तास ठेवून नितळ राहतं का, हे पाहणारी ‘कोल्ड टेस्ट’ रूढ झाली. (आपल्या शेंगदाणा तेलावर हा उपाय चालत नाही. त्याचा गोठलेला भाग जेलीसारखा लिबलिबीत होतो आणि गाळता गाळला जात नाही.)

खऱ्या अर्थाने मेणाचा प्रश्न आणला सूर्यफुलाने. रशियातल्या अलेक्सेयेव्का गावात दानियल बोकार्योव्ह यांनी १८२९ मध्ये सूर्यफुलाचं तेल काढलं. विसाव्या शतकात रशियातल्याच क्रास्नोदारला कृषिशास्त्रज्ञ व्ही. एस. पुस्तोवोइत यांनी निवडपद्धतीने बियांतलं तेल ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ५० टक्क्यांजवळ नेलं. मेण बहुतेक टरफलात असतं. जास्त तेलाच्या बियांचं टरफल पातळ आणि गराला घट्ट धरून असतं, ते सोलायला अवघड. टरफलासकट बी घाण्यात गेलं की मेण तेलात उतरतं, आणि हेक्झेन या द्रावकात विरघळवून तेल काढलं तर आणखी जास्त. वजनात हे मेण नगण्य असतं. पण लांब साखळीची आम्लं आणि अल्कोहोलं यांचं ते संयुग असल्याने त्याचा वितळणबिंदू ७० अंशांच्याही वर जातो, आणि दहा लाखांत काही दशक भागसुद्धा तेल धूसर करायला पुरतात.

म्हणून तेल हळूहळू ५ ते ८ अंशांपर्यंत थंड करतात आणि काही तास मंद ढवळत ठेवतात, की स्फटिक गाळता येण्याइतके मोठे होतात. थंडीची घाई केली तर स्फटिक बारीक राहतात आणि गाळणीचं कापड तुंबतं. गार तेल घट्ट असतं, तेव्हा गाळण्याआधी ते किंचित कोमट करतात आणि गाळणं सोपं व्हावं म्हणून डायटोमाइट किंवा परलाइट या खनिजांची पूड मिसळतात. गाळणीवर साचणाऱ्या या पुडीच्या थरात अडकून जाणारं तेल हा कारखानदाराचा खरा तोटा.

भारतात सूर्यफूल तेलबी म्हणून १९६९ मध्ये सोव्हिएत वाणांसह आलं. पुढे लातूर, सोलापूरकडेही पेरलं गेलं. पण मेणाची खरी झुंज आपल्याकडे भाताच्या कोंड्याच्या तेलाशी आहे. त्याच्या कच्च्या तेलात मेण टक्क्यांत मोजावं लागतं. एवढं मेण एकदाच थंड करून निघेलच असं नाही, काही ठिकाणी दोनदा गाळतात. काढलेला गाळ मात्र टाकाऊ नाही. त्यातलं तेल धुऊन काढलं की ८० अंशांच्या आसपास वितळणारं कठीण मेण मिळतं, आणि ब्राझीलच्या कार्नौबा मेणाच्या जागी ते पॉलिशांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरतात.