हत्यार घेऊन मागे लागलेल्याला बचावाचा हक्क उरतो का?

सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना काठ्या आणि पट्ट्यांनी मारहाण झाली. पंढरपूरकडे निघालेल्या या साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला होता. तेवढ्यावरून मुले पळवणारी टोळी आल्याची आवई उठली. पोलिसांनी आधार कार्डे पाहिली, घरच्यांशी बोलणे केले, तेव्हा ते खरेच साधू निघाले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने मंगळवेढ्याकडच्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता. आम्ही पोरांना वाचवायला धावलो, हा बचाव अशा वेळी हमखास पुढे येतो.

या बचावाचे मूळ दंड संहितेच्या 1837 च्या मसुद्यात आहे. दरोडेखोर लुटून नेतात आणि लोक मुकाट सोसतात, ही मसुदा लिहिणाऱ्या, ब्रिटिश अधिकारी मेकॉलेच्या विधी आयोगाची तक्रार होती. त्यामुळे प्रतिकाराचा हक्क मुद्दाम ऐसपैस ठेवला गेला. 1860 च्या दंड संहितेत तो कलम 96 ते 106 मध्ये आला. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 तोच हक्क देतात, अगदी परक्या माणसाला वाचवण्यासाठीसुद्धा.

पण तेव्हापासून त्याला कुंपणही आहे. पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्क नाही. गरजेपुरतीच इजा करता येते. धोक्याची रास्त धास्ती वाटली की हक्क सुरू होतो, धास्ती सरली की संपतो. धोका स्वतः ओढवून घेतलेला नसावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या दर्शन सिंग खटल्यात पुन्हा सांगितले.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा हक्क गुन्ह्याविरुद्ध असतो आणि बचावात केलेली कृती गुन्हा नसते. कोयता उगारून कोणी अनोळखी वाटसरूच्या मागे लागला आणि त्या वाटसरूने जिवाच्या भीतीने वळून दगड मारला, तर तो दगड कायदेशीर बचाव ठरतो. दगड लागला म्हणून कोयता चालवणाऱ्याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. बचावाविरुद्ध बचाव नाही. माझ्या मते हे गावागावांतल्या गस्तवाल्यांना आधी समजावले पाहिजे.

अमेरिकेत हाच वाद दोनदा पेटला. 2012 मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये वस्तीवर पहारा ठेवणारा एक पिस्तूलधारी 17 वर्षांच्या निःशस्त्र मुलाच्या मागे गेला आणि झटापटीत त्याने मुलाला गोळी घातली. ज्यूरीने 2013 मध्ये त्याला निर्दोष सोडले. 2020 मध्ये जॉर्जियात तिघांनी गाड्या घेऊन धावायला निघालेल्या तरुणाचा पाठलाग केला आणि त्यातल्या एकाने त्याला बंदुकीने गोळी घालून ठार केले. तिघेही 2021 मध्ये दोषी ठरले. सामान्य नागरिकाला दुसऱ्याला अटक करू देणाऱ्या ज्या 1863 च्या कायद्याचा ते आधार घेत होते, तो राज्याने त्याच वर्षी रद्द केला.

आपल्याकडेही सामान्य माणूस दुसऱ्याला अटक करू शकतो, पण दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर किंवा समोरचा उद्घोषित, म्हणजे न्यायालयाने फरार जाहीर केलेला, गुन्हेगार असेल तरच. फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 40 प्रमाणे पकडलेल्याला सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावे लागते. नुसता संशय यात कुठेच बसत नाही.