कोठीचं झाकण आणि ‘हवाबंद’ शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की विदर्भातल्या बऱ्याच घरांत कोठीतला गहू एकदा बाहेर निघतो. वरचा थर दमट, कुठे कुठे गोळा झालेला, खाली सोंडे, म्हणजे धान्यातले किडे. मग घरात दोन मतं पडतात. म्हातारी माणसं म्हणतात, “दाण्याले हवा पाह्यजे.” धान्याच्या नव्या प्लॅस्टिकच्या थैल्या विकणारा सांगतो की हवा मुळीच लागू देऊ नका. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, फक्त ते वेगवेगळ्या भांड्यांविषयी बोलत असतात.

वऱ्हाडातली ज्वारी पूर्वी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यात जात असे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून पेव खणायचं ते गावठाणाच्या पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीत. तोंड मातीने असं बुजवायचं की आत काही शिरू नये. आतला दाणा आणि कीड मिळून प्राणवायू संपवत, कार्बन डायऑक्साइड साचे आणि कीड गुदमरून मरे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून तो विझतो का पाहायचं, ही खबरदारी त्यामुळेच होती. ती न पाळणारे दगावलेही आहेत. कडेची काळवंडलेली ज्वारी गुरांना जाई, मधली वर्षानुवर्षं टिके. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत कापसाला भाव आला, 1867 मध्ये रेल्वे नागपुरापर्यंत पोचली आणि पेवांच्या मुलखात घरच्या ज्वारीपेक्षा बाजारचा कापूस मोठा होत गेला, तशी पेवंही मागे पडली.

धान्याची कणगी अगदी उलट स्वभावाची. बुरडाने विणलेली बांबूची, नाहीतर घरीच केलेली तुरीच्या-कापसाच्या वाळल्या काड्यांची, म्हणजे तुराट्यांची-पऱ्हाट्यांची, आतबाहेर शेणमातीने लिंपलेली. तिच्या भिंतीतून ओल बाहेर पडते, म्हणून थोडं कच्चं धान्यही तिच्यात निभावतं. पूर्वेकडच्या धानपट्ट्यातली ढोलीही याच वळणाची. उंदीर आणि कीड मात्र दोन्हींना चुकली नाही. ‘दाण्याला हवा पाहिजे’ हे वाक्य या कणगीचं आहे.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी धान्य-बचाव मोहिमेतून पत्र्याची कोठी गावोगाव आली. दोन क्विंटलांपासून दहा क्विंटलांपर्यंत मापं, वर भरायचं तोंड, खाली दाणा काढायची तोटी. उंदरांचा प्रश्न तिने खरोखर सोडवला आणि 1972 च्या दुष्काळात मिलोसाठी, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीसाठी, रांगा लावलेल्या पिढीला तिचं मोल कुणी सांगायला नको. पण तिच्यासोबत जे आलं त्याविषयी पुरेसं बोललं गेलेलं नाही, असं मला वाटतं.

त्या कोठीचं झाकण घट्ट असायला हवं होतं ते मुख्यतः कीड मारायच्या औषधासाठी. इथिलीन डायब्रोमाइड या विषारी औषधाची काचेची कुपी मिळायची. ती फडक्यात फोडून दाण्यात खुपसायची, झाकणाच्या फटी मातीने लिंपायच्या आणि आठवडाभर कोठी उघडायची नाही. या पद्धतीला ‘हवाबंद साठवण’ म्हटलं गेलं. म्हणजे पेवातल्या हवाबंदपणाने किडीचा श्वास तोडला जाई, तर कोठीतल्या हवाबंदपणाने विष आत कोंडलं जाई. कामं दोन, शब्द एक. कुपीवर 2001 मध्ये बंदी आली, पण घट्ट झाकणात औषध ठेवायचं ही सवय राहिली आणि तिची जागा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीने घेतली. या गोळीतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो. घरगुती वापरासाठी ती विकायला परवानगी नाही, तरी ती खेड्यात पोचते. झाकण जरा सैल असलं आणि कोठी झोपायच्या खोलीत असली की जो वायू किडीला मारतो तोच माणसांना मारतो. इथे मला तटस्थ राहता येत नाही. राहत्या घरातल्या धान्यात ही गोळी नको म्हणजे नको.

आता दमट थराचं. विदर्भात गहू एप्रिल-मेच्या उन्हात भरला जातो, तेव्हा दाणाही तापलेला असतो. पावसाने पत्रा एकदम थंडावतो, दाण्यातली वाफ वर सरकते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. कणगीत ही ओल भिंतीतून निघून जायची, पत्र्यात ती परत गव्हावर पडते. म्हणून ऊन दिलेलं धान्य रात्रभर निवू देऊन मग भरायचं आणि दाताखाली कट्‌ आवाज येईल इतकं वाळलेलं असायला हवं. हे झालं नसेल तर घट्ट झाकण बुरशीलाच मदत करतं. डाळींचं आणखी वेगळं. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि दाण्यासोबत घरात येतो. कोणतंही झाकण त्याला दाराशी अडवू शकत नाही. आत आल्यावर त्याचा प्राणवायू तोडणं, एवढंच झाकणाच्या हाती असतं.

तेही झाकण रोज उघडलं नाही तरच. मोठी कोठी रोज उघडली की रोज ताजी हवा आत जाते. तेलाचे पंधरा किलोचे पिपे गावात सहज मिळतात, एकात बारा-तेरा किलो गहू मावतो. काठोकाठ भरून झाकण मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद केलेले असे दहा पिपे एका मोठ्या कोठीपेक्षा जास्त टिकवतात, कारण उघडायचा तो एकच असतो. निळे प्लॅस्टिकचे ड्रमही आता घरोघरी दिसतात. त्यांना रबराचं कडं आणि पट्टा असतो, झाकण चांगलं बसतं, पण पहिल्यांदा त्यांत रसायन भरलेलं असेल तर धुवूनही ते खाण्याच्या धान्याला योग्य नाहीत.

गेल्या काही वर्षांत आलेली तीन पदरी थैली म्हणजे पुन्हा पेवच, फक्त जमिनीवरचं. आत दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. हवा दाबून काढायची आणि प्रत्येक पिशवीचं तोंड पिळून, दुमडून वेगळं बांधायचं. औषध लागत नाही. तिची एकच अडचण, उंदीर ती कुरतडतो. म्हणून काही घरांत ही थैली जुन्या पत्र्याच्या कोठीत उभी ठेवतात आणि वरचं झाकण नुसतं टेकवतात.