‘मेमटेस्ट पास’ म्हणजे काय पास? सर्व्हरच्या बूटेबल तपासणीची पार्श्वभूमी

सर्व्हर आठवड्यात दोनदा आपोआप रीस्टार्ट झाला की पुढचा क्रम ठरलेला असतो. शनिवारी रात्रीचा डाउनटाइम मागून घ्यायचा, पेनड्राइव्ह लावायचा, त्यावरचा मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम सुरू करून घरी जायचं. रविवारी सकाळी ‘एरर्स’च्या रकान्यात शून्य दिसतं, त्याचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि रॅमचा विषय तिथे मिटतो. पुढचे दोन आठवडे पॉवर सप्लाय, यूपीएस, अर्थिंग आणि ड्रायव्हर यांच्यामागे धावण्यात जातात. हे इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की हा क्रम आला कुठून, हे एकदा नीट मांडावंसं वाटलं. त्या शून्याचा घरच्या पीसीवर एक अर्थ होतो आणि सर्व्हरवर वेगळा. तो वेगळा का झाला, हे गेल्या तीस वर्षांच्या इतिहासात दडलेलं आहे.

त्याआधीचं थोडक्यात. कागदी टेपवरून तपासणीचे प्रोग्राम चढवायची पद्धत मिनीकॉम्प्युटरच्या काळापासून होती. १९८१च्या आयबीएम पीसीसाठी डायग्नोस्टिक फ्लॉपी होती आणि १९८७च्या पीएस/२ मालिकेत ती रेफरन्स डिस्केट झाली. या पीसींच्या मेमरीत दर आठ बिटांमागे नववं, पडताळणीचं पॅरिटी बिट असे. बिट उलटलं की मशीन तिथल्या तिथे थांबे आणि पॅरिटी चेकचा संदेश येई. दुरुस्ती होत नसे, पण चूक लपतही नसे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर स्वस्त पीसींमधून हे नववं बिट काढून टाकलं गेलं. मेमरी महाग होती आणि नवव्या भागाचे पैसे वाचत होते. सर्व्हरवाल्यांनी उलट दिशा धरली. ६४ बिटांमागे आठ जादा बिटं ठेवून एक बिट उलटलं तर दुरुस्त करायचं आणि दोन उलटली तर निदान ओळखायचं, ही ईसीसीची (एरर करेक्टिंग कोडची) व्यवस्था तिथे कायम झाली. तिच्यामागचं गणित १९५०चं आहे.

मेमटेस्ट८६ आलं ते याच वळणावर, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. पॅरिटी गेलेल्या पीसीत मेमरीची चूक सांगणारं कोणी उरलं नव्हतं, ती जागा या छोट्या प्रोग्रामने घेतली. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम लागत नाही, मशीन थेट त्याच्यावरूनच सुरू (बूट) होतं. तो स्वतः मेमरीत एका जागी बसतो, बाकीची मेमरी ठरावीक नमुन्यांनी भरून परत वाचतो, मग स्वतःला उचलून दुसरीकडे ठेवतो आणि आधीची जागाही तपासतो. चालू लिनक्सवर चालणाऱ्या मेमटेस्टरला हे जमत नाही, कारण कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) धरलेली मेमरी त्याला मिळत नाही. (नावं सारखी असल्याने या दोघांची गल्लत नेहमी होते.) बिट फेड नावाची चाचणी तर मेमरी भरून दीड तास नुसती थांबायची आणि मग बिटं टिकली का ते बघायची. रात्रभर मशीन सोडून जायची सवय अशाच चाचण्यांमुळे लागली.

प्रसार मात्र सीडीने केला. सीडीवरून बूट करण्याचं एल टोरिटो हे मानक १९९५ मध्ये आलं, नॉपिक्स ही हार्ड डिस्कला हात न लावता चालणारी लिनक्स सीडी २०००च्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा नेट डायल-अपवर होतं आणि ७०० एमबी उतरवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. अशा सीड्या संगणक मासिकांसोबत यायच्या, मग कॉपी होऊन बॅगेत फिरायच्या. त्यांच्या बूट मेनूत मेमटेस्टची एक ओळ असायची. पीसी दुरुस्त करणारे हात आणि छोट्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळणारे हात बहुतेक ठिकाणी एकच होते, त्यामुळे पीसीवर कामी आलेली सीडी सर्व्हरच्या ट्रेमध्येही गेली. त्या काळात यात चुकीचं काही नव्हतं. ‘सर्व्हर’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं ते मशीन अनेकदा ईसीसी नसलेला पीसीच असायचा आणि मेमटेस्टने रॅमच्या खराब पट्ट्या खरोखर पकडून दिल्या.

नावाचा गुंताही इथेच सुरू होतो. मूळ प्रोग्रामची ३.० आवृत्ती २००२ची. त्यानंतर तो बराच काळ थांबला आणि नवे प्रोसेसर, चिपसेट येत राहिले. २००४ मध्ये त्याच कोडवरून दुसऱ्या विकसकाने मेमटेस्ट८६+ काढला. लोकांनी अधिकचं चिन्ह ‘नवी आवृत्ती’ असं वाचलं, प्रत्यक्षात ते दोन वेगळे प्रकल्प झाले होते. २०१३ मध्ये मूळ मेमटेस्ट८६ एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेलं आणि पाचव्या आवृत्तीपासून यूईएफआयसाठी (बायोसच्या जागी आलेल्या, मशीन सुरू करणाऱ्या नव्या व्यवस्थेसाठी) नव्याने लिहिलं गेलं, पण कोड बंद झाला. मुक्त राहिलेल्या प्लसची ५.०१ आवृत्ती त्याच वर्षीची. ती जुन्या बायोस पद्धतीनेच बूट व्हायची. त्यानंतर जवळपास नऊ वर्षं अशी गेली की लिनक्सची आयएसओ (सीडीची एकसंध फाइल) यूईएफआयने बूट केली तर मेनूतून मेमटेस्टची ओळच गायब असे. किती जणांनी ‘आयएसओ खराब उतरली’ म्हणून ती पुन्हा उतरवली असेल! २०२२ मध्ये प्लसची सहावी आवृत्ती आली. ती एका तिसऱ्या विकसकाच्या पीसीमेमटेस्ट या शाखेवर उभी होती आणि दोन्ही पद्धतींनी बूट होत होती. मुक्त कोडच्या बाजूला या कामाचं श्रेय मिळालं त्यापेक्षा कितीतरी अधिक मिळायला हवं होतं, असं माझं मत आहे.

आता त्या शून्याकडे. मेमटेस्ट मेमरीत नमुना लिहितो, परत वाचतो, जुळला नाही तर लाल ओळ दाखवतो. ईसीसी असलेल्या सर्व्हरवर तो वाचायला जातो तेव्हा मधे मेमरी कंट्रोलर (मेमरीत लिहिणं-वाचणं सांभाळणारा भाग) बसलेला असतो. पट्टीवरचं एक बिट अडकलेलं असेल, तर कंट्रोलर ते वाचतानाच दुरुस्त करून देतो. मेमटेस्टच्या हातात येतो तो दुरुस्त झालेला आकडा, आणि तो जुळतोच. पट्टी दर वाचनाला चुकत असली तरी रकान्यात शून्यच राहतं. सर्व्हरवर ‘पास’ म्हणजे पट्टी निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. ईसीसीने आपलं काम केलं, एवढंच त्यातून कळतं.

दोन बिटांची चूक झाली तर काय? ती दुरुस्त होत नाही, प्रोसेसरला मशीन चेक (हार्डवेअर चुकल्याचा इशारा) येतो आणि बहुतेक सर्व्हर तिथे रीस्टार्ट होतात किंवा अडकतात. लाल ओळ छापायला मेमटेस्ट जिवंतच राहत नाही. बूटच्या क्रमात पेनड्राइव्ह पहिला असेल, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सकाळी येणाऱ्याला पडद्यावर शून्य चुका दिसतात. त्या पडद्यावर वॉलटाइमचा, म्हणजे चाचणी किती वेळ चालली त्याचा, रकाना असतो. काल रात्री दहाला सुरू केलेली चाचणी सकाळी आठला दोन तास चाळीस मिनिटंच दाखवत असेल, तर उत्तर तिथेच मिळालं आहे. हा रकाना मी कोणत्याही ग्रुपवर चर्चेत आलेला पाहिलेला नाही.

मेमटेस्टच्या कर्त्यांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. प्लसच्या जुन्या आवृत्त्यांत वरच्या पट्ट्यात ‘ईसीसी’ आणि टोकाला ‘ईसीसी एरर्स’ असे दोन स्वतंत्र रकाने होते. चिपसेट ओळखीचा असेल तर त्याची रजिस्टरं (आतल्या नोंदींच्या जागा) वाचून दुरुस्त झालेल्या चुकाही मोजायची सोय होती. अडचण अशी की प्रत्येक नव्या चिपसेटसाठी वेगळा कोड लिहावा लागे. पुढे मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच आत गेला आणि हा पाठलाग आणखी अवघड झाला. त्यात ‘ईसीसी’च्या रकान्यात ‘ऑफ’ दिसे. प्रोग्राम त्या चुका विचारत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाचणाऱ्याने तो ‘मशीनमध्ये ईसीसी बंद आहे’ असा घेतला आणि चांगल्या चालणाऱ्या बायोस सेटिंगशी खेळ सुरू झाले. एका तीन अक्षरी शब्दाने किती रात्री खाल्ल्या, हे सर्व्हर रूममध्ये बसलेल्यांनाच माहीत.

दुरुस्त झालेल्या चुकांची खरी नोंद दुसरीकडेच होत होती. १९९८च्या आयपीएमआय मानकाने सर्व्हरच्या बोर्डवर वेगळी चिप आणि तिच्यात घटनांची नोंदवही आणली. मुख्य मशीन बंद असलं तरी ती वाचता येते. लिनक्स कर्नलमध्ये २००६ मध्ये एडॅक हा अशा चुका टिपणारा भाग आला आणि चालू सर्व्हरवरच कोणत्या स्लॉटमध्ये किती चुका दुरुस्त झाल्या हे मोजता येऊ लागलं. २००९ मध्ये एका मोठ्या इंटरनेट कंपनीच्या हजारो सर्व्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे एक-तृतीयांश मशीन्सना वर्षात निदान एक दुरुस्त झालेली चूक आली होती, पट्ट्यांमध्ये हे प्रमाण आठ टक्क्यांहून अधिक होतं. ज्या पट्टीला अशी चूक येते तिला त्याच महिन्यात न सुधारणारी चूक येण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, हेही त्यात दिसलं. चुकांचा मोठा भाग अंतराळातल्या किरणांचा असतो, हा समज त्यानंतर टिकण्यासारखा नव्हता, कारण बहुतेक चुका पट्टीतल्या कायमच्या दोषांकडे बोट दाखवत होत्या.

म्हणूनच ‘सर्व्हर बंद करून तपासायचा की चालू ठेवून’ हा वाद मला मेमटेस्टच्या आवृत्त्यांहून महत्त्वाचा वाटतो. बूटेबल तपासणीसाठी मशीन खाली घ्यावं लागतं, आणि खाली घेताना पुरावा बदलतो. दिवसभराच्या भारावर तापलेली पट्टी रात्री थंड असते. डीडीआर४ या रॅमच्या पिढीपासून पट्टीच्या चिपमध्ये जादा ओळी राखून ठेवलेल्या असतात आणि अनेक सर्व्हरचं फर्मवेअर (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) खराब ओळीच्या जागी राखीव ओळ बसवतं, तेही रीस्टार्ट होतानाच. म्हणजे तपासणीसाठी केलेलं बूटच कधी कधी दोष दुरुस्त करून टाकतं आणि नंतरची चाचणी स्वच्छ येते. दोष गेला ही चांगलीच गोष्ट, पण तो कोणत्या स्लॉटमध्ये होता हे लिहून घेतलं नसेल तर पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

उत्पादकांची तपासणीची स्वतःची साधनंही याच काळात सीडीवरून बोर्डवरच्या फ्लॅशमध्ये गेली आणि २०१२पर्यंत बड्या उत्पादकांच्या सर्व्हरमध्ये एक फंक्शन की दाबून ती सुरू होऊ लागली. त्यांचा मोठा फायदा असा की ती साधनं बोर्डवरची नोंदवही वाचतात. तोटा असा की बहुतेक जण त्यातली झटपट चाचणीच चालवतात, आणि वॉरंटीत पट्टी बदलून घ्यायची तर त्याच साधनाचा एरर कोड मागितला जातो. कोड आला नाही तर पट्टी चांगली ठरते. ग्राहकाने नोंदवहीतल्या ओळी दाखवूनही हे उत्तर मिळतं, तेव्हा ते मला अन्यायाचंच वाटतं.

डिस्कचा भाग लहान आहे. रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) मागे असलेली डिस्क बूटेबल सीडीला थेट दिसत नाही, स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे ठेवलेले आकडे, ते वाचणाऱ्या स्मार्टसीटीएलला कंट्रोलरचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो. स्मार्टच्या भाषेतली ‘ऑफलाइन’ तपासणी डिस्क वापरात असतानाच मागे चालते, त्यासाठी सर्व्हर बंद करायची गरज नसते. आणि २००७च्या एका मोठ्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिकांनी तापमान सोडून स्मार्टच्या कोणत्याही आकड्यात आधी इशारा दिला नव्हता.

डीडीआर५ने आणखी एक शब्द गोंधळात टाकला आहे. २०२०च्या या मानकात प्रत्येक चिपच्या आत स्वतःची ईसीसी असते. काही विक्रेते ती ईसीसी रॅम म्हणून सांगतात, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही आणि साध्या पट्टीवर आत काय दुरुस्त झालं ते एरवी बाहेर कळत नाही. मेमटेस्टच्या दोन्ही शाखांत काही प्लॅटफॉर्मवर ईसीसी चुका मोजण्याची सोय आता आहे, सगळ्यांवर नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या रविवारांपैकी एक माझाही होता. मेमटेस्ट नऊ तास चालून शून्यावर होता. पेनड्राइव्ह काढायच्या आधी सहज नोंदवही उघडली, तर बी२ स्लॉटसमोर ‘करेक्टेबल ईसीसी लॉगिंग लिमिट रीच्ड’ (दुरुस्त झालेल्या चुकांच्या नोंदींची मर्यादा गाठली) ही ओळ, शुक्रवारच्या दुपारची आणि त्याच पहाटेचीही. बी२मधली पट्टी ए१मध्ये आणि ए१मधली बी२मध्ये घातली, नोंदवहीची प्रत काढून ती पुसली आणि सर्व्हर कामाला लावला. मंगळवारी दुपारी तीच ओळ ए१समोर आली.