पार्श्वभूमी : समुद्रातील तेलविहिरी आणि त्यांच्यामागे उभे राहणारे बंदर

कच्छ आणि सौराष्ट्राच्या समुद्रात तेल-वायूच्या शोधाची चर्चा सुरू झाली की वडोदऱ्यात तिच्याकडे परकी बातमी म्हणून पाहिले जात नाही. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ पासून शहराच्या वेशीवर आहे, आणि अंकलेश्वर-खंभातच्या विहिरींवर उमेदीची वर्षे घालवलेली माणसे येथील अनेक मराठी घरांत आहेत. त्यामुळे समुद्रात तेल किती सापडेल याबरोबरच रिगमागे, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या यंत्रतळामागे, कोणते बंदर उभे राहणार, हा प्रश्नही येथे तितक्याच आस्थेने विचारला जातो.

देशातील समुद्रातली पहिली विहीर मुंबईजवळ नव्हे, तर खंभातच्या आखातात, नर्मदेच्या मुखाशी असलेल्या अलियाबेटजवळ १९७० मध्ये खोदली गेली, ही गोष्ट आता फारशी कोणी सांगत नाही. व्यापारी उत्पादन तेव्हा हाती आले नाही. मात्र तेथे भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि पाणी गाळाने सतत गढूळ असते, अशा ठिकाणी काम करण्याचा अनुभव मिळाला, आणि बंदराच्या निवडीत तोच महत्त्वाचा ठरतो. त्यानंतर चार वर्षांनी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, जपानमध्ये बांधलेल्या, पाय समुद्रतळावर टेकवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात बॉम्बे हाय (आताचे मुंबई हाय) हे तेलक्षेत्र शोधले आणि मे १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. त्या एका शोधाने पुढची कित्येक दशके पश्चिम किनाऱ्यावरील समुद्री तेलाचे सारे व्यवहार मुंबईभोवती गोळा केले.

येथे ‘बंदर’ या शब्दाचा गुंता सोडवणे आवश्यक आहे, कारण बंदर कोठे असावे या वादाचे मूळ बहुतेक वेळा त्यातच असते. समुद्रातील तेलासाठी किनाऱ्यावर निदान चार वेगळी ठिकाणे लागतात आणि बातम्यांमध्ये ती सरसकट एकाच नावाखाली येतात. पाइपलाइन जमिनीवर येते ते ठिकाण एक. उरण आणि हजिरा ही त्याची उदाहरणे. प्लॅटफॉर्मचे, म्हणजे समुद्रात तेल काढण्यासाठी उभारलेल्या मचाणांचे, लोखंडी सांगाडे जोडून बार्जवर (सपाट तळाच्या नौकेवर) चढवण्याचे यार्ड दुसरे. माणसांची ने-आण करणारा हेलिकॉप्टर तळ तिसरा, आणि मुंबईत तो बंदरात नव्हे, तर जुहूला आहे. चौथा, आणि विहीर खोदली जात असताना रोज लागणारा, तो सप्लाय बेस. विहिरीच्या भिंतीला आधार देणारे केसिंग पाइप, सिमेंट, ड्रिलिंग मडसाठी (खोदताना विहिरीत सोडल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवासाठी) बॅराइट आणि बेंटोनाइट ही खनिजे, डिझेल व गोडे पाणी घेऊन बोटी तेथूनच सुटतात. मुंबई बंदराच्या पलीकडच्या न्हाव्याला हे काम आले. बारा नॉट वेगाच्या बोटीला १६० किलोमीटर कापायला सात-सव्वासात तास लागतात, आणि ओहोटीच्या वेळी धक्क्याला पाणी नसेल तर त्यात आणखी अर्धा दिवस जातो. रिगचे भाडे मात्र विहिरीचे काम थांबले तरी चालूच राहते. म्हणून नकाशावरील अंतराइतकीच धक्क्याजवळची खोली पाहावी लागते, आणि माझ्या मते आजवरच्या चर्चेत या दुसऱ्या कसोटीला न्याय मिळालेला नाही.

या निवडीवरून राज्याराज्यांत ओढाताण होण्याचे कारण राज्यघटनेतच आहे. कलम २९७ नुसार समुद्रतळाखालील खनिजे केंद्राच्या मालकीची असल्यामुळे तेथील स्वामित्वधनही (रॉयल्टी) केंद्राकडे जाते. किनाऱ्यावरील राज्याच्या वाट्याला येतो तो गोदामे, कार्यशाळा, वाहतूक आणि नोकऱ्यांचा लाभ. सप्लाय बेस दुसऱ्या राज्यात गेला की तोही जातो.

गुजरातच्या किनाऱ्याची अडचण अशी की खंभातच्या आखातातील बंदरे भूप्रदेशाला जवळची, पण पाण्याला अवघड. भावनगरला तर ओहोटीतही जहाजे तरंगती ठेवण्यासाठी लॉकगेट, म्हणजे पाणी अडवून धरणारे दार, बांधावे लागले. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाकडील पिपावावला बेटाचा आडोसा आहे आणि तेथे भरती-ओहोटीचा फरकही बराच कमी आहे. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेले ओखा हे गायकवाडी मुलखातले बंदर आणि बडोदे सरकारनेच ते उभारले. कच्छच्या समुद्रातील कामाला ते जवळ पडते, पण त्याच आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि प्रवाळांच्या परिसरात डिझेलवाहू बोटींची वर्दळ वाढवणे सोपे नाही.

अलीकडच्या घडामोडी वेगाने घडल्या. २०१६ च्या धोरणाने कंपन्यांना क्षेत्र स्वतः निवडून बोली लावण्याची मुभा दिली, आणि २०२२ मध्ये संरक्षणादी कारणांनी बंद असलेले सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर समुद्री क्षेत्र शोधासाठी मोकळे झाले. कच्छ व सौराष्ट्र ही खोरी तेल-वायू सापडूनही व्यापारी उत्पादनापर्यंत न पोहोचलेल्या दुसऱ्या वर्गात ठेवली गेली आहेत. दरम्यान मुंबई हायचे उत्पादन ऐंशीच्या दशकातील शिखरापासून खूप खाली आले असून जानेवारी २०२५ मध्ये ते वाढवण्यासाठी एका परदेशी कंपनीची तांत्रिक सेवेसाठी निवड झाली.

सुरक्षिततेचा धडाही फार जुना नाही. जुलै २००५ मध्ये, पावसाळ्यात हेलिकॉप्टर उपलब्ध नसताना, जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर देण्यासाठी जवळ आलेले सहायक जहाज राइझरवर, म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या नळीवर, आदळले आणि लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळच्या बार्जवरील अनेक कामगार बुडाले आणि तेच वादळ पुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. नव्या बंदराच्या निवडीत आता धक्क्याच्या लांबीबरोबर, वादळाचा इशारा मिळताच किती बोटी आणि किती माणसे किती तासांत आत घेता येतील, याचीही गणना करावी लागेल.