चौकटीचा रंगमंच भरतमुनींचा नव्हे

बडोद्यातल्या आमच्या नाट्यवर्गात दरवर्षी कुणीतरी ठामपणे सांगतं, "समोर पडदा, तीन बाजू बंद, हाच आपला परंपरागत रंगमंच. भरतमुनींनी तोच सांगितलाय." हा समज फार जुना आहे, पण खरा नाही.

समोरून उघडी, तीन बाजूंनी बंद अशी ती चौकट युरोपातली. इटलीत पार्मा इथे 1618 साली बांधलेलं तेआत्रो फार्नेझे हे नाट्यगृह तिचं सुरुवातीचं ठळक उदाहरण. आपल्याकडे ती रुजली इंग्रजी अमलात.

मग भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथात काय आहे? दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाचे तीन आकार दिलेत: विकृष्ट म्हणजे लांबट, चतुरस्र म्हणजे चौरस आणि त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी. मध्यम विकृष्टाचं माप 64 हात लांब, 32 हात रुंद. मी मुलांना कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजायला लावते आणि पटांगणात खडूने आखणी करून घेते. हात दीड फुटाचा धरला तर लांबी 96 फूट. त्यातली निम्मी जागा प्रेक्षकांची, म्हणजे शेवटचा माणूस रंगमंचापासून 48 फुटांवर! मुलं तिथे जाऊन उभी राहतात, तेव्हा समोरच्याची भुवई हललेलीही त्यांना दिसते. याहून मोठ्या मंडपात आवाज विरतो, चेहऱ्यावरचे भाव पोचत नाहीत, असं ग्रंथातच म्हटलंय. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि परंपराच शोधायची, तर ती इथे गुजरातच्या मातीतही आहे. भवाई या इथल्या लोकनाट्याचे नट जमिनीवर वर्तुळ आखून त्यात खेळतात, लोक भोवती बसतात. चौकट नाही, दर्शनी पडदाही नाही.